हुक्क्यातलं पाणी नेमकं काय करतं?

हुक्क्याबद्दल बहुतेकांची एक समजूत पक्की असते. धूर पाण्यातून जातो, म्हणजे तो धुऊन निघतो, म्हणजे त्यानं अपाय कमी होतो. ही समजूत आजकालच्या कॅफेंत जन्मलेली नाही. ती निदान चारशे वर्षांची आहे, आणि ती चुकीची आहे. पण पाणी काहीच करत नाही असंही नाही. पाण्यामुळे धूर थंड होतो, ओलसर होतो, घशाला टोचत नाही. धूर असा मऊ झाल्यामुळे माणसं तासन्‌तास एका जागी बसू लागली. आणि माणसं एकत्र बसू लागली की शेजारी कोण बसणार, नळी आधी कोणाच्या हातात जाणार आणि कोणाच्या हातात ती कधीच जाणार नाही, हे सगळे प्रश्न येतात. माझ्या मते हुक्क्याचा खरा इतिहास तंबाखूचा कमी आणि या बैठकीचा जास्त आहे.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सगळ्यात वर चिलीम असते. तिच्यात तंबाखू आणि तंबाखूवर पेटलेला कोळसा. चिलमीच्या बुडातून एक उभी नळी खाली येते आणि तळाच्या भांड्यातल्या पाण्यात बुडते. भांडं काठोकाठ भरलेलं नसतं. पाण्याच्या वर थोडी हवा राहते. ओढायची नळी या हवेच्या पोकळीला जोडलेली असते, पाण्याला नाही. तुम्ही ओढलंत की पोकळीतला दाब कमी होतो. बाहेरची हवा ती जागा भरायला धावते, पण तिला वाट एकच मोकळी असते: निखाऱ्यातून, तंबाखूतून, उभ्या नळीतून आणि मग पाण्यातून. त्यामुळे धुराचे बुडबुडे फुटत वर येतात आणि गुडगुड आवाज होतो. साध्या हुक्क्याला आपल्याकडे गुडगुडी म्हणतात ते यामुळेच.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. ओढणाऱ्याच्या छातीत फक्त तंबाखूचा धूर जात नाही, कोळशाचाही जातो. लेखाच्या शेवटी ही गोष्ट महत्त्वाची ठरेल.

आता हे यंत्र शोधलं कोणी? भारतात एक कथा फार लोकप्रिय आहे. अकबराच्या दरबारात गिलानहून आलेला हकीम अबुल फत्ह नावाचा इराणी वैद्य होता. तंबाखूचा धूर अपायकारक आहे असं त्याला वाटलं, म्हणून तो पाण्यातून न्यायची युक्ती त्यानं काढली आणि हुक्का जन्माला आला, अशी ती कथा. ऐकायला छान आहे, पण तारखा आड येतात. अबुल फत्ह 1589 मध्ये वारला. अकबरासमोर तंबाखू आल्याचं जे प्रसिद्ध वर्णन आपल्याकडे आहे, ते त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी घडलेल्या प्रसंगाचं आहे.

ते वर्णन असद बेग या मुघल अधिकाऱ्याचं, आणि त्याची सुरुवात दख्खनमध्ये होते. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबरानं त्याला विजापूरच्या आदिलशाही दरबारात पाठवलं होतं. तिथं त्याला तंबाखू दिसला. उत्तरेत त्यानं असं काही पाहिलं नव्हतं. तंबाखूचं रोप मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज जहाजांबरोबर ते आपल्या किनाऱ्यावर उतरलं आणि गोव्यामागचा घाट चढून विजापुरात पोचलं होतं. म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या आधी हे व्यसन आपल्या भागानं पाहिलं. असद बेगनं बादशहासाठी नजराणा तयार केला: तीन हात लांब नळी, दोन्ही टोकांना रत्नं आणि मीनाकाम, तोंडात धरायला येमेनी अकीकाचा तुकडा, सोन्याची चिलीम, आणि आदिलशहानंच भेट दिलेल्या पानाच्या बटव्यात भरलेला तंबाखू. हे सगळं त्यानं चांदीच्या तबकात मांडलं.

अकबरानं दोन-तीन झुरके घेतले. दरबारी हकीम घाबरला आणि त्यानं पुढं ओढू दिलं नाही. या पाल्याबद्दल आपल्या ग्रंथांत काही नाही, असं त्याचं म्हणणं. असद बेगनं वाद घातला: जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती. अकबराला हा मुद्दा पटला, पण त्यानं स्वतः सवय लावून घेतली नाही. असद बेगनं सोबत आणलेला बाकी तंबाखू सरदारांना वाटला, त्यांना चटक लागली आणि व्यापारी माल आणू लागले. मला या प्रसंगातला सगळ्यात बोलका भाग वाटतो तो न लिहिलेला. असद बेगच्या वर्णनात नळी आहे, चिलीम आहे, मखमलीचं वेष्टणसुद्धा आहे. पाण्याचा मात्र उल्लेख नाही.

मग पाणी कुठून आलं? बरेच अभ्यासक इराणकडे बोट दाखवतात. तिथं या यंत्राला कलियान म्हणतात, आणि 1535 च्या सुमारास वारलेल्या अहली शिराझी या कवीच्या नावावरच्या एका चौपदीत कलियानचा उल्लेख असल्याचं सांगितलं जातं. ते खरं असेल तर तंबाखू इराणात रुजण्याआधीच तिथं पाण्यातून काहीतरी ओढलं जात होतं. आफ्रिकेतला पुरावा आणखी मागं जातो. इथिओपियातल्या लालिबेला गुहेच्या उत्खननात मातीच्या दोन चिलमी मिळाल्या. त्यांचा काळ साधारण चौदाव्या शतकाचा, आणि त्यांच्यात गांजाच्या झाडाचे अंश सापडले. त्या पाण्याच्या हुक्क्याचे भाग असाव्यात असं संशोधक मानतात. तेव्हा एका माणसानं एका दिवशी लावलेला शोध म्हणून हुक्क्याकडे पाहण्यात अर्थ नाही. पाण्यातून धूर ओढायची युक्ती एकाहून अधिक ठिकाणी सुचली असणार.

या युक्तीचा प्रवास कसा झाला याची एक खूण नारळात आहे. सुरुवातीच्या साध्या हुक्क्यांत पाण्याचं भांडं म्हणजे नारळाची पोकळ कवटी असे. तुर्कस्तान, सीरिया, लेबनॉनमध्ये हुक्क्याला आजही नारगिले म्हणतात आणि त्या नावात नारळच आहे. नारळ या देशांत पिकत नाही. तो हिंदी महासागराच्या काठावरून, म्हणजे आपल्यासारख्या किनाऱ्यांवरून गेला.

बादशहांनी तंबाखू थांबवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. जहांगीरनं 1617 मध्ये बंदी घातली. इराणच्या शाह अब्बासनंही घातली. गंमत अशी की जहांगीरचा इराणमधला वकील खान आलम याला तंबाखूशिवाय क्षणभर चैन पडत नसे, आणि शाह अब्बासनं त्याच्यापुरती सवलत दिली. ओटोमन सुलतान चौथ्या मुरादनं 1633 मध्ये तर जबर शिक्षा ठेवल्या. एकही बंदी टिकली नाही.

सतराव्या-अठराव्या शतकात हुक्का दरबारी ऐटीचा भाग झाला, आणि इथे आपल्याला पुन्हा दख्खनमध्ये, बिदरला यावं लागतं. लातूर-उदगीरकडच्या वाचकांना बिदर परकं नाही. जुन्या निजामी राज्यात ते मराठवाड्याचं शेजारीच होतं. जगभरच्या संग्रहालयांत बिदरी कामाचे जे उत्तम नमुने आहेत, त्यांत हुक्क्याची भांडी फार मोठ्या संख्येनं दिसतात. हे काम कसं होतं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात. घासून गुळगुळीत केल्यावर त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो आणि कोरलेली रेघ उठून दिसते. कारागीर छिन्नीनं वेलबुट्टी कोरतो, त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतो, आणि पुन्हा सगळं कानशीनं सपाट करतो. या टप्प्यावर भांडं राखाडी दिसतं आणि चांदी त्यात जवळजवळ हरवलेली असते. मग बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या भागातली माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून तो लेप गरम केलेल्या भांड्यावर चोळतात. जस्ताचा मिश्रधातू गर्द काळा पडतो, चांदीवर मात्र काही परिणाम होत नाही. शेवटी तेलाचा हात फिरवला की काळ्यावर चांदी झळाळून उठते.

या भांड्यांच्या आकारातूनही बैठकीचा इतिहास वाचता येतो. जुनी भांडी नारळासारखी गोल असत, आणि ती कलंडू नयेत म्हणून खाली कडं ठेवावं लागे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घंटेसारखी, रुंद बुडाची भांडी आली. ती जाजमावर स्थिर बसतात. उत्तरेत फर्शी हुक्का याच घराण्यातला: भांडं जमिनीवर, आणि लांबलचक लवचिक नळी वळणं घेत ओढणाऱ्यापर्यंत. त्यात भरायला गूळ, मसाले, फळांचा गर घालून मुरवलेला खमीरा तंबाखू असे. मुघल, राजपूत आणि दख्खनी चित्रांत गच्चीवर बसून हुक्का ओढणाऱ्या स्त्रियाही ठिकठिकाणी दिसतात.

कलकत्त्याच्या इंग्रजांनी ही ऐट जशीच्या तशी उचलली. तिथल्या बड्या साहेबांकडे हुक्का सांभाळायला वेगळा नोकर असे, हुक्काबरदार. पाणी बदलणं, चिलीम भरणं, निखारा जागता ठेवणं आणि मालक जाईल तिथं सरंजाम घेऊन जाणं हे त्याचं काम. 1779 मधल्या गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या एका निमंत्रणात पाहुण्याला सांगितलं आहे की हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये. म्हणजे बाकी सगळे नोकर टाळता येत होते, हा एक नाही. दुसऱ्याच्या हुक्क्याची नळी ओलांडून जाणं हा मोठा अपमान समजला जाई. दिल्लीचा रेसिडेंट, म्हणजे मुघल दरबारातला कंपनी सरकारचा प्रतिनिधी, डेव्हिड ऑक्टरलोनी याचं हिंदुस्थानी पोशाखात हुक्का ओढत नाच पाहतानाचं चित्र प्रसिद्ध आहे. पण एकोणिसाव्या शतकात राज्यकर्ते आणि रयत यांच्यात अंतर ठेवायची वृत्ती वाढली, तसा साहेबांचा हुक्का मागं पडला आणि चिरूट आला. चिरुटाला ना नोकर लागतो ना बैठक.

बैठकीचा विषय निघालाच आहे, तर तिची काळी बाजूही पाहू. हरियाणा, राजस्थान आणि पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गावांत चौपालवर, म्हणजे गावच्या चावडीवर, हुक्का फिरतो. वडीलधाऱ्याला मान आधी, मग वयाप्रमाणे पुढं. भांडणं तिथं मिटतात, सोयरिकी तिथं ठरतात. आलेल्यापुढं हुक्का करणं म्हणजे त्याला आपल्यातला मानणं. पण याचा दुसरा अर्थ असा की ज्याच्यापुढं तो केला जात नाही, तो आपल्यातला नाही. वेगवेगळ्या जातींचे हुक्के वेगळे असत. जातीचा नियम मोडणाऱ्याचं ‘हुक्का-पानी बंद’ होई, म्हणजे त्याच्याबरोबर ना हुक्का, ना पाणी, ना व्यवहार. आपल्याकडे याच शिक्षेला वाळीत टाकणं म्हणतात, आणि जातपंचायतींच्या हातून ती इतक्या कुटुंबांनी भोगली की महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. मात्र मराठी मुलखात या शिक्षेचं हत्यार हुक्का नव्हता. आपल्या खेड्यांत चिलीम, विडी आणि चुन्याबरोबर मळलेला तंबाखूच जास्त चालला. चौपालवरच्या बंधुभावाचं कौतुक करणाऱ्यांनी ही दुसरी बाजू विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

हुक्का न ओढणं हेही हत्यार होऊ शकतं, हे इराणनं दाखवलं. 1890 मध्ये नासिरुद्दीन शहानं मेजर टॅलबट या इंग्रजाला देशातल्या तंबाखूचं उत्पादन, विक्री आणि निर्यात यांचा पन्नास वर्षांचा मक्ता दिला. मोबदल्यात शहाला वर्षाला 15,000 पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा मिळणार होता. म्हणजे शेतकऱ्यानं पिकवलेला तंबाखू परक्या कंपनीलाच विकायचा, आणि गिऱ्हाइकानं तिच्याकडूनच घ्यायचा. तंबाखू तिथं घराघरांत होता, त्यामुळे हा निर्णय घराघरांत झोंबला. शिराझ, तब्रिझ, इस्फहान इथं लोक रस्त्यावर आले. डिसेंबर 1891 मध्ये आजच्या इराकमधल्या समर्रा इथं राहणाऱ्या मिर्झा हसन शिराझी या सर्वोच्च धर्मगुरूंच्या नावानं फतवा निघाला: यापुढं तंबाखूचा वापर म्हणजे शियांच्या बाराव्या इमामांविरुद्ध युद्ध. तो फतवा खरंच त्यांनी लिहिला का, यावर तेव्हाही शंका घेतली गेली. पण लोकांनी तो मानला. दुकानं बंद झाली, कलियान फोडले गेले. खुद्द शहाच्या जनानखान्यातही कलियान भरायला नकार मिळाला. असं सांगतात की शहानं आपल्या बेगमेला विचारलं, तंबाखू निषिद्ध कोणी केला? ती म्हणाली, ज्यांनी मला तुमच्यासाठी वैध केलं, त्यांनीच. जानेवारी 1892 मध्ये मक्ता रद्द झाला. इराणनं कंपनीला पाच लाख पौंड भरपाई दिली, आणि त्यासाठी शहाला इंग्रजांच्याच बँकेकडून कर्ज काढावं लागलं. चौदा वर्षांनी इराणात राज्यघटनेसाठी जी क्रांती झाली, तिची पायाभरणी इतिहासकार या आंदोलनात पाहतात.

इस्तंबूलमध्ये नारगिलेचे आपले रीतिरिवाज होते. नळी दुसऱ्याला देताना टोक त्याच्या तोंडाकडे रोखायचं नाही, आणि नारगिलेच्या निखाऱ्यावर सिगारेट पेटवायची नाही. पूर्वेकडे ही युक्ती बांबूत शिरली. व्हिएतनामचा शेतकरी बांबूच्या जाड नळकांड्यात पाणी घालून अतिशय कडक तंबाखूचा एकच झुरका घेतो आणि नळकांडं पुढं देतो. चीनमध्ये पितळेचे हातात मावणारे हुक्के होते. हे दोन्ही प्रकार लांबलेल्या मैफलीचे नाहीत.

विसाव्या शतकात सिगारेटनं हुक्क्याला जवळजवळ हद्दपार केलं. शहरांत तो म्हाताऱ्यांची सवय म्हणून उरला. मग 1990 च्या आसपास चित्र पालटलं, आणि ते इजिप्त आणि आखाती देशांतून पालटलं. मुअस्सल म्हणजे गुळाच्या काकवीत किंवा मधात भिजवलेला तंबाखू तिथं आधीपासून होता. आता त्यात सफरचंद, द्राक्षं, पुदिना असे स्वाद घालून तो डब्यांत विकला जाऊ लागला. चिलमीवर अॅल्युमिनियमची फॉइल आली, काडी लावताच पेटणारा कोळसा आला. चिलीम भरणाऱ्याचं कसब अनावश्यक झालं. कोणालाही, कुठंही, दहा मिनिटांत हुक्का लावता येऊ लागला. उपग्रह वाहिन्या आणि पर्यटन यांनी त्याला बेरूतपासून दुबईपर्यंत आणि तिथून पुण्या-मुंबईपर्यंत आणलं. आजच्या पार्लरमधला हुक्का लखनौच्या फर्शी हुक्क्याचा वारस नाही. तो कैरोमार्गे आलेला नवा माल आहे. ‘आपली जुनी परंपरा’ म्हणून कोणी त्याचं समर्थन करत असेल, तर ते इतिहासाला धरून नाही.

आता पाण्याच्या प्रश्नाकडे. पाणी थोडंफार निकोटीन धरून ठेवतं हे खरं. पण शरीराला जेवढी तलफ असते, तेवढं निकोटीन मिळेपर्यंत माणूस ओढतच राहतो. टार, जड धातू आणि कर्करोगकारक रसायनांचा मोठा भाग बुडबुड्यांच्या आत बसून पाणी पार करतो. कार्बन मोनॉक्साइड वायू तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2005 मध्ये दिलेले आकडे पाहा. एका सिगारेटमध्ये आठ ते बारा झुरके असतात आणि एकूण धूर अर्ध्या लिटरच्या आसपास. हुक्क्याची एक बैठक 20 ते 80 मिनिटांची. तिच्यात 50 ते 200 झुरके, आणि प्रत्येक झुरक्यात 0.15 ते 1 लिटर धूर. म्हणजे लांबलेल्या बैठकीत धुराचं आकारमान शंभर किंवा जास्त सिगारेटींएवढं होऊ शकतं. ही तुलना धुराच्या आकारमानाची आहे; प्रत्येक विष शंभर पट मिळतं असा तिचा अर्थ नाही. पण एवढा धूर छातीत घेणं शक्य होतं ते पाण्यानं तो मऊ केल्यामुळेच. ज्या गुणासाठी हकिमांना पाणी आवडलं असेल, त्याच गुणामुळे धोका वाढतो. शिवाय नळी तोंडातून तोंडात फिरते, आणि क्षयरोग अजून न गेलेल्या आपल्या देशात हा मुद्दा लहान नाही.

महाराष्ट्रात 28-29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री मुंबईच्या कमला मिल आवारात लागलेल्या आगीत 14 जणांचा जीव गेला. हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्यांनी आग लागली असावी, असं अग्निशमन दलाच्या तपासात पुढं आलं. 2018 मध्ये राज्यानं तंबाखूविषयक कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर चालवण्यावर बंदी घातली. हरियाणा सरकारनं 2023 मध्ये हॉटेलं आणि बारमध्ये हुक्का देण्यावर बंदी जाहीर केली, तेव्हा गावांतला पारंपरिक हुक्का मात्र तिच्यातून वगळला. फुप्फुसांना हा फरक कळत नाही.

राहिला ‘हर्बल’ हुक्का. त्यात तंबाखू नाही, म्हणून तो निर्धोक, असं सांगून विकतात. इथे सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेला कोळसा आठवा. तंबाखू काढला तर निकोटीन जातं. कोळशातून येणारा कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझीन तसेच राहतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू अपुरा पडतो. बंद खोलीत हुक्का ओढताना डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं याला पोरं ‘चढली’ म्हणतात. बऱ्याचदा ती या वायूची विषबाधा असते, आणि त्यात माणसं बेशुद्ध पडून रुग्णालयात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. असं कोणाला झालं तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा, कोळसा विझवा, आणि डॉक्टरांना हुक्का ओढल्याचं न लपवता सांगा. बोटाला लावायचं साधं ऑक्सिमीटर या विषबाधेत नेहमीसारखाच आकडा दाखवतं, त्यामुळे कारण माहीत असेल तरच डॉक्टर रक्ताची योग्य तपासणी करू शकतात.